मीटररूममधली भाटी (मांजरी) आणि तिची दोन पिल्लं घरात आणायची आहेत, अनुभवी लोकांनी कृपया सांगा

कावेरी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमची सोसायटी एकदाची रिडेव्हलपमेंटला गेली. रिकामं करायची नोटीस आलीये, गणपती झाले की सगळे बाहेर, मग पाडकाम. आम्ही जवळच भाड्याने 2 बीएचके घेतलाय, पाचवा मजला. प्रश्न आमचा नाही, प्रश्न खालच्या मीटररूममध्ये राहणाऱ्या भाटीचा आहे. राखाडी पट्ट्यापट्ट्यांची, वॉचमनने तिचं नाव अर्थिंग ठेवलंय आणि पिल्लांची फेज आणि न्यूट्रल (हसू नका, मुलांना जाम आवडलीयेत नावं). पिल्लं अंदाजे दोन महिन्यांची, आता थाळीत तोंड घालायला लागलीत.

भाटी दोनेक वर्षांची असेल. मी रोज खायला ठेवते पण ती ताट ठेवून मी जिन्यापर्यंत मागे गेल्याशिवाय पुढे येत नाही. कधी म्याव केलेलं ऐकलं नाही, फक्त फिस्स. पिल्लं तिचं बघून तेच करतात. इमारत पडल्यावर ही जाणार कुठे? समोर हायवे, मागे नाला. तिघांना वर घरात घेऊन जायचा विचार आहे पण सगळे म्हणतात रस्त्यावरची मांजर फ्लॅटमध्ये राहत नाही, वेडी होते. खरंय का? कुठून सुरुवात करू?

चहाबाज

उगाच टेन्शन घेताय ताई. उचला आणि न्या. वाटीत दूध-पोळी ठेवा, दोन दिवसांत पायात घोटाळायला लागेल. आमच्या आजोळी दहा मांजरं होती, कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

शंकासुर

आजोळी दारं उघडी होती हो चहाबाज, मांजर आपल्या मर्जीने यायचं जायचं. इथे पाचवा मजला आणि बंद दार. जन्मभर मोकळं फिरलेलं जनावर दहा बाय दहाच्या खोलीत कोंडणं म्हणजे आपल्या मनाचं समाधान, मांजराचं नाही. पिल्लं न्या, आईला राहू द्या. ती शेजारच्या इमारतीत शोधेल जागा, मांजरं हुशार असतात.

पशुवैद्य_घाटमाथा

दोघांचंही अर्धं बरोबर, अर्धं नाही. चहाबाज, आधी दुधाचं सांगतो, बहुतेक मोठ्या मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब लागतात, आणि नव्या घरात बावरलेल्या मांजराला जुलाब लागले की साफ तुम्हीच करणार. उकडलेलं चिकन, उकडून काटे काढलेला मासा, बिनमिठाचं. कांदा-लसूण अजिबात नको, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन द्यायचा हा प्रकारही नको.

आता मूळ मुद्दा. मांजराच्या पिल्लाचं माणसाशी नातं जुळायचा सोपा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. त्यात माणसाचा हात, आवाज, वास ओळखीचा झाला तर पुढे सगळं सरळ. तुमची पिल्लं त्या काळाच्या काठावर आहेत, थोडी मेहनत लागेल पण होईल. वय नक्की नसेल तर वजन करा, लहानपणी ढोबळमानाने आठवड्याला 100 ग्रॅम धरतात, म्हणजे 800 च्या आसपास भरली तर दोन महिने. चार महिन्यांच्या पुढे गेली की अवघड.

आईची गोष्ट वेगळी. ती तुमच्याकडे चालत येणार नाही हे आत्ताच धरून चाला. पण ‘घरात राहणं’ आणि ‘माणसाळणं’ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, लोक दोन्ही एकत्र करतात आणि मग मांजर मांडीवर येत नाही म्हणून चार महिन्यांनी परत खाली सोडून येतात. घरात राहायला शिकली, मातीच्या ट्रेमध्ये शी-शू केली, खाल्लं, झोपली, तरी पुष्कळ झालं.

आणि कृपया घरात नेण्याआधी दवाखाना. जंत, पिसवा, तपासणी. भाटीची नसबंदी तर तातडीने, कारण पिल्लं अंगावर पीत असतानाही ती परत गाभण राहू शकते, आणि गाभणकाळ जेमतेम नऊ आठवडे.

न्यूजर्सीवाली_वहिनी

डॉक्टर +१. मी इथे पकडा-नसबंदी करा-परत सोडा वाल्या ग्रुपबरोबर काम करते, त्यात पहिला प्रश्न हाच असतो की समोरचं मांजर माणसात वाढून रस्त्यावर आलेलं आहे की जन्मापासून माणसाशिवाय. पहिलं थोडं घाबरून राहतं आणि मग आठवतं त्याला सगळं. दुसऱ्याला आठवायला काही नसतं. म्याव हा आवाज मोठी मांजरं मुख्यतः माणसांशी बोलायला वापरतात, आपसात फारसा नाही, त्यामुळे कावेरीची भाटी कधीच म्याव करत नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. शेपटी वर करून येते का? बघत असताना खाते का? दोन्हीला नाही असेल तर ती दुसऱ्या प्रकारातली.

अशा मांजरांना इथे बहुतेक वेळा नसबंदी करून, ओळख म्हणून डाव्या कानाचं टोक कापून, त्याच जागी परत सोडतात. तीच दयेची गोष्ट. पण तुझ्या केसमध्ये जागाच उरणार नाही, त्यामुळे पर्याय दोनच, घर किंवा दुसरी सुरक्षित जागा. इथे शेतावरच्या गोठ्यात, गोदामात ठेवतात, उंदीर धरायला. मात्र नुसतं नेऊन सोडलं की मांजर पळतं, जुन्या जागेच्या ओढीने चालत सुटतं आणि रस्त्यात मरतं. नव्या जागी दोन ते चार आठवडे मोठ्या पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत ठेवून, तिथेच खायला घालून मग दार उघडायचं.

रत्नांग्रीकर

वैनी बोलली ते शंभर टक्के. आमच्याकडे म्हणतातच, कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं. आजी नवीन मांजर आणलं की चुलीजवळच्या खोलीत कोंडून घालायची, आंबेमोहोराचा भात आणि सुकटीचं पाणी. कावेरीताई, नाहीच जमलं तर माझ्या काकांचं काजूचं गोडाऊन आहे, उंदरांनी हैराण आहेत. विचार करा.

शंकासुर

म्हणजे शेवटी बाहेरच ना! मी वेगळं काय म्हणालो?

न्यूजर्सीवाली_वहिनी

तुम्ही म्हणालात ‘तिची ती शोधेल’. आम्ही म्हणतोय शोधून द्या. फरक आहे शंकासुर.

बोकेसंन्यासी

हा माझा विषय. घरात सध्या तीन आहेत, तिन्ही गोदीतून आणलेली, दोन मांडीवर झोपतात, तिसरी माझ्याकडे अजून भाडेकरू असल्यासारखी बघते. चाललंय.

कावेरी, खोलीची तयारी आधी कर, मांजर मागाहून. लहानात लहान खोली निवड. लोकांना वाटतं मोकळी जागा दिली की बरं वाटेल, उलट आहे, घाबरलेल्या मांजराला मोठी खोली म्हणजे चारही बाजूंनी धोका. बाथरूमवाली छोटी बेडरूम उत्तम. आत शिरून जमिनीवर आडवी पड आणि मांजराच्या नजरेने भोकं शोध. बॉक्स बेडच्या मागची चार बोटांची फट, सोफ्याच्या खालचं पातळ काळं कापड (ते नखाने फाडून सोफ्याच्या पोटात जाऊन बसतात आणि मग तू सोफा उलटा करून बसतेस), किचन ट्रॉलीच्या मागची जागा, वॉशिंग मशीनच्या पाठीमागे पाइप जातो तिथे. हे सगळं लाकडाने, पुठ्ठ्याने, जुन्या गोधड्या कोंबून बंद कर. पण लपायला काहीच ठेवलं नाहीस तर ती पडद्यावरून माळ्यावर चढेल. म्हणून लपायची जागा तू द्यायची, जिथे तुझा हात पोचेल अशी. टीव्हीचा नाहीतर मिक्सरचा खोका, दोन बाजूंना दोन भोकं, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही, आत मीटररूममधलंच एखादं पोतं अंथर, तिचा वास असलेलं. धुवू नकोस ते!

खिडक्या. डास अडवणारी जाळी मांजराला अडवत नाही, स्लायडिंगची जाळी तर पंजाने सरकवते. कबुतरांची नायलॉन जाळी काही मांजरं दातांनी कातरतात. ग्रिलला आतून तारेची वेल्डमेश बांधून घे, भाड्याचं घर असेल तरी वायरने बांधता येते, ड्रिल लागत नाही. पाचव्या मजल्यावरून पडून मांजर पायावर उतरतं आणि काही होत नाही हे ज्यांनी सांगितलं त्यांनी तुटलेला जबडा आणि फुटलेली छाती बघितली नाहीये.

ट्रे. जन्मभर मातीत शी करणारं जनावर दुकानातल्या सुगंधी लिटरकडे (ट्रेमध्ये घालायच्या तयार मातीकडे) ढुंकून बघत नाही. पहिले काही दिवस साधी माती किंवा चाळलेली रेती (तुमच्याकडे बांधकामाच्या रेतीला तोटा नसावा आता, फक्त सिमेंट मिसळलेली नको), मग त्यात मूठमूठ बेंटोनाइट लिटर मिसळत जा. खाण्याच्या वाटीपासून लांब ठेव.

आणि फिनाईल बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडे कुणीच सांगत नाही. फिनॉलवाली जंतुनाशकं मांजराचं लिव्हर पचवून बाहेर टाकू शकत नाही, फरशीवरून पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात. साबणाचं पाणी पुरे. डॉक्टरसाहेब, बरोबर ना?

पशुवैद्य_घाटमाथा

बरोबर. भर घालतो. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यात पर्मेथ्रिन असेल तर झटके येऊन मांजर मरतं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा घातक. ताप वाटतोय म्हणून घरातली गोळी देणारे दर महिन्याला येतात आमच्याकडे.

खारीबिस्कीट

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक विचारू का, अवांतर आहे थोडं. आमच्या खालच्या पिल्लाने धाकट्याला ओरखडलं, रक्ताची बारीक रेघ आली. सासूबाईंनी हळद भरली. मांजराच्या पिल्लाने काय होतंय असं सगळे म्हणतायत.

पशुवैद्य_घाटमाथा

अवांतर नाही, यापेक्षा महत्त्वाचं या धाग्यात काही नाही. रेबीज मांजरापासूनही होतो. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि आजच्या आज सरकारी दवाखाना. रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गाची जखम, लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. पहिला डोस आज, पुढचे डोस कधी ते केसपेपरवर लिहून देतील, एकही चुकवू नका. कावेरीताई, भटक्या मांजरांना रोज हाताळणार असाल तर आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवता येते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि चावली तर वेगळंच प्रकरण, दात सुईसारखे खोल जातात, वरून छोटं भोक दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो.

खारीबिस्कीट

निघालोच. धन्यवाद डॉक्टर.

कावेरी_डोंबिवली

बापरे किती माहिती! सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

इथल्या एका प्राणीप्रेमी ताईंकडून पिंजरा मिळाला, पाय पडला की मागचं दार खाली येतं तो. आदल्या रात्री खायला ठेवलं नाही (वाईट वाटलं पण त्यांनी बजावलं होतं), पहाटे पिंजऱ्याच्या टोकाला उकडलेला बांगडा ठेवला आणि दारापासून आतपर्यंत त्याच्याच पाण्याचे थेंब. फेज दोन मिनिटांत आत. दार पडल्याचा असा आवाज झाला की न्यूट्रल मीटरबॉक्सच्या वर. अर्थिंग लांब बसून बघत होती, शेपटी आपटत. मग ताईंनी युक्ती केली, फेज असलेला पिंजरा तसाच ठेवला आणि दुसरा त्याला चिकटवून लावला, मध्ये जाळी. पोराचा आवाज ऐकून ती थेट आत आली. लगेच चादर टाकली वरून, अंधार झाला की धडपड थांबते म्हणे, खरंच थांबली. न्यूट्रल मासे पकडायच्या जाळीत सापडला, त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, वॉचमनकाकांना विचारा.

दवाखान्यात नसबंदी झाली तिची, रेबीजची लसही. पिल्लांना जंताचं औषध आणि तिहेरी लसीचा पहिला डोस, दुसरा तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. आता तिघं मधल्या खोलीत आहेत. पिल्लं खोक्यात. अर्थिंग माळ्यावर, सुटकेसच्या मागे. आल्यापासून खात नाहीये. काय करू?

पशुवैद्य_घाटमाथा

रात्री खाते का ते बघा, बऱ्याच जणी घर झोपल्यावरच उतरतात. वाटीत मोजून ठेवा म्हणजे सकाळी कळेल. दोन दिवस खरोखर काहीच पोटात गेलं नाही तर थांबू नका, उपाशी मांजराच्या, त्यातही अंगाने भरलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. वास येईल असं काही द्या, कोमट केलेला मासा, थंड नको.

बोकेसंन्यासी

आणि माळ्याकडे बघू नकोस! खोलीत जा, पाठ करून बस, मोबाईलवर काहीतरी मोठ्याने वाच, वीजबिल वाच हवं तर, आवाजाची सवय महत्त्वाची. नजरेला नजर देणं हे मांजराच्या भाषेत भांडण. चुकून दिलीच तर सावकाश डोळे मिट, सावकाश उघड, मग दुसरीकडे बघ. 2020 साली ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी यावर रीतसर प्रयोग करून दाखवलंय, माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसेच मिचकावतात आणि अनोळखी हाताजवळ यायला जास्त तयार होतात.

पिल्लांच्या बाबतीत मात्र इतकं सोवळं नको. त्यांना रोज वेगवेगळं बाहेर काढ, एकाला एका खोलीत, दुसऱ्याला दुसऱ्या. दोघं सतत एकत्र राहिली की एकमेकांतच रमतात, माणसाची गरज उरत नाही. लांब दांड्याच्या चमच्याला चिकनची पेस्ट लावून चाटव, मग रोज दांडा थोडा आखूड धर. चाटता चाटता गालाला बोट लाव. पाठीवरून वरून हात आणायचा नाही, घार येते तसं वाटतं त्यांना. हाताशी खेळू द्यायचं नाही, दोरी बांधलेली काठी घे, आणि खेळ संपला की दोरी कपाटात, गिळली तर आतडं कापते.

चहाबाज

वीजबिल 😂😂 हहपुवा (हसून हसून पुरेवाट). फेज-न्यूट्रलला वीजबिलच योग्य.

कावेरी_डोंबिवली

रात्री खातेय!! सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख, आणि रेतीत खड्डा करून नीट झाकलेलं. मिस्टर म्हणाले पोरांपेक्षा हिला शिस्त आहे.

शंकासुर

मान्य, खातेय. पण खूश आहे का? रात्री ओरडत नाही?

कावेरी_डोंबिवली

ओरडते. पहाटे तीनला दाराशी येऊन खोल आवाजात. खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं कुणाकडे बाळ आहे का.

न्यूजर्सीवाली_वहिनी

सुरुवातीला होतंच. दिवसा झोप, रात्री जाग ही सवय सावकाश मोडते. झोपायच्या आधी दोरीने पिल्लांशी भरपूर खेळ (ती वरून बघत असेल तरी चालेल), मग सगळ्यांना दिवसातलं मोठं जेवण. ओरडली म्हणून दार उघडायचं नाही, नाहीतर ओरडलं की उघडतं हे पाठ होईल. आणि नसबंदी झालीये म्हणजे माजावर आल्याचं ओरडणं तरी नाही, तेवढं सुख.

शंकासुर, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी अशीही बघितलीयेत की महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून बसतात, अंग चाटत नाहीत, एकाच कोपऱ्यात शी करतात. त्यांना घरात ठेवणं हट्ट आहे. पण जी रात्री उतरून सगळी खोली हुंगते, खिडकीत बसते, पिल्लांना चाटते, ती आपलं बस्तान बसवतेय. मांजराकडे बघून ठरवा, तत्त्वाकडे बघून नाही.

रत्नांग्रीकर

गोडाऊनची ऑफर आहेच हां, घाई नाही. काका रोज विचारतायत मांजर कधी येतंय.

कावेरी_डोंबिवली

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही, दिवाळी आणि शाळा. आता परिस्थिती अशी की फेज सगळ्यांच्या अंगाखांद्यावर, न्यूट्रल फक्त माझ्या धाकटीचा, तिच्या दप्तरात झोपतो. नवीन माणूस आला की दोघंही बॉक्स बेडखाली, पण जेवणाच्या वेळी बाहेर. फटाक्यांच्या दिवसांत मधल्या खोलीच्या खिडक्यांना जाड गोधड्या लावल्या आणि पंखा फुल्ल, बरंच निभावलं.

अर्थिंगला अजून हात लावता येत नाही. ड्राय बाल्कनीला पूर्ण वेल्डमेश करून घेतली, तिथे जुना कपड्यांचा रॅक उभा केलाय, त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर तिची जागा. मी कपडे वाळत घालायला गेले तर आता उठून पळत नाही, फक्त कान आडवे करते. मी डोळे मिटते, तीही मिटते, कधीकधी. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय हा प्रश्न आहे मात्र.

पशुवैद्य_घाटमाथा

कॅरियर कायमचा उघडा त्या रॅकवर ठेवा, आत तिचं पोतं, खाणंही कधीतरी आतच द्या. न्यायच्या दिवशी बाहेर काढून शोधाशोध नको. फार बिथरत असेल तर दोन-तीन तास आधी खाण्यातून द्यायचं भीती कमी करणारं औषध आम्ही लिहून देतो, स्वतःच्या मनाने नको. ट्रे रोज साफ करा, घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये, टॉक्सोप्लाझ्माची (गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीची) अंडी शीमध्ये साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्गाला तयार होतात, म्हणून रोजचं साफ केलं की धोका खूप कमी होतो.

शंकासुर

रॅकचा फोटो टाका कावेरीताई. मेशला खर्च किती आला तेही लिहा, आमच्या गॅलरीतही एक येऊन बसतेय हल्ली. (हसायचं नाही कुणी.)

बोकेसंन्यासी

हसत नाही, नोंद घेतोय फक्त 😼

खारीबिस्कीट

पोराचे सगळे डोस पूर्ण झाले, ठणठणीत. आता ते ओरखडणारं पिल्लूच घरात आणायचा हट्ट चाललाय. पण त्याचा बाप पण मागे मागे येतो, भला मोठा बोका, गालफडं सुजल्यासारखी, पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांच्या टायरवर फवारे मारतो. त्यालाही घ्यायचं का? बायको म्हणते घर वासाने भरेल.

पशुवैद्य_घाटमाथा

गालफडं सूज नव्हे, न खच्ची केलेल्या मोठ्या बोक्याची तशीच असतात. बायको बरोबर आहे, तसाच आणलात तर पडदे टाकून द्यावे लागतील. आधी खच्चीकरण, त्यानंतर काही आठवड्यांत वास आणि फवारे दोन्ही बरेच कमी होतात, तोवर तो बाहेरच बरा. एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूची) रक्ततपासणीही त्याच वेळी करून घ्या, मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांमध्ये चाव्यातून पसरतो. पिल्लाचं वजन किती आणि बोक्याच्या कानाला खूण आहे का, एवढं बघून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.